मोरचुदाचं कव्हर

साल दोन हजार तेवीस. त्या वर्षी नारळी पौर्णिमा बुधवारी आली होती. तिच्यानंतरच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये सकिनाबाई होडेकरांनी रितेश गोताडला भर सभेत उघडा पाडला. रत्नागिरीत अजून लोक त्याबद्दल बोलतात. कोणी म्हणतं बाईंनी बरोबर केलं, कोणी म्हणतं एवढं करायला नको होतं. बाईंना कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की अजून थोडं करायचं राहून गेलं.

सकिनाबाईंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. राजिवड्यात खाडीकडे तोंड करून त्यांचं कौलारू घर आहे. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणतं. पण या बाईंकडे एक अशी वस्तू होती जी अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती: स्कॉटलंडमधल्या छोट्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या रेकॉर्ड. मोठ्या नावांच्या नव्हेत. चार पोरं एकत्र येऊन, उसनवारीच्या गिटारींवर गाणी बसवून, स्वयंपाकघरात बसून पाकिटं चिकटवून विकायची, तसल्या.

हे वेड आणलं त्यांच्या भावाने, नासिरने. नासिर जहाजावर फिटर होता. एक्क्याऐंशी साली त्याचं जहाज ग्रीनॉकच्या गोदीत महिनाभर दुरुस्तीला पडलं. सुट्टीच्या दिवशी तो ग्लासगोला फिरायला गेला, पावसात सापडला, आणि आडोशाला म्हणून एका दुकानात शिरला. ते रेकॉर्डचं दुकान होतं. तासभर उभं राहून काहीच न घेता निघणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने सर्वांत छोटी, सात इंची रेकॉर्ड उचलली. घरी आल्यावर बहिणीला म्हणाला, "पाऊस आपल्यासारखाच आहे तिकडे, फक्त थंड. आणि गाणी ऐक, वाटतं शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत गुणगुणतंय."

सकिनाबाईंना त्यातलं दुसरं गाणं फार आवडलं, पण शब्द कळेनात. इंग्रजीच्या शिक्षिकेला हे सहन होण्यासारखं नव्हतं. कव्हरवर 'विंडी क्लोज' या कंपनीचा पत्ता होता. त्यांनी पत्र लिहून शब्द विचारले. एल्स्पेथ नावाच्या मुलीचं चार पानी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की आमचा गायक काय म्हणतो ते आम्हालाही कळत नाही, पण तुमचं पत्र आम्ही चौघांनी मोठ्याने वाचलं. तिथून पुढे चाळीस वर्षं पत्रं येत-जात राहिली. नासिर प्रत्येक फेरीत काही ना काही आणायचा, एल्स्पेथ टपालाने पाठवायची. रेकॉर्ड तीनशेच्या वर गेल्या. त्यांच्यासोबत छातीवर लावायचे बिल्ले, कार्यक्रमांच्या तिकिटांची अर्धुकं, झेरॉक्सवर काढलेली मासिकं, पोस्टरं. सगळं आंब्याच्या पाच खोक्यांत, वेखंडाच्या कांड्या घालून ठेवलेलं.

त्यातली एक रेकॉर्ड वेगळी. 'पेपर ट्रॉलर्स' नावाच्या वाद्यवृंदाची, विंडी क्लोजनेच शहाऐंशी साली काढलेली. पाचशेच प्रती, आणि प्रत्येक कव्हरवरची मासेमारीची बोट एल्स्पेथसह कंपनीच्या चौघांनी हाताने, तेलकट खडूंनी रंगवलेली. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात त्या कव्हरला कसर लागली. कागदाची चाळण झाली. तेव्हा शाळेचे शिपाई गंगाराम गोताड शाळेची रजिस्टरं बांधायचे. त्यांनी बाईंना कागद चिकटवायची खळ करायला शिकवली: तांदळाच्या पिठाची, चिमूटभर मोरचूद घातलेली, म्हणजे कसर पुन्हा जवळ येत नाही. आतला पुठ्ठा हवा होता. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान काढलं. मागून कोरं, चांगलं जाड पान होतं. दोन्ही बाजूंनी त्याला ड्रॉइंगचा कागद चिकटवला, घडी घालून कव्हर केलं, आणि वर बोट काढली. मोरचूद थोडं जास्तच पडलं होतं. कव्हरला समुद्राच्या पाण्यासारखी हिरवट निळी झाक आली. बोटही मूळ चित्रासारखी न येता मिरकरवाडा बंदरातल्या होडीसारखी आली, कारण बाईंनी जन्मात तीच पाहिली होती.

नासिर त्या मे महिन्यात, ईद झाल्यावर जहाजावर गेला होता. ऑक्टोबरात तार आली. जहाज बुडालं, माणसं मिळाली नाहीत.

नासिरला पत्र लिहायचा कंटाळा होता. तो फोन करायचा. त्यामुळे त्याच्या हातचं अक्षर घरात कुठेच नव्हतं. फक्त त्या मे महिन्याच्या पानावर, चोवीस तारखेच्या चौकोनात, निघण्याच्या दिवशी त्याने एक ओळ लिहिली होती. आणि ते पान बाईंनी स्वतःच्या हाताने दोन कागदांच्या मध्ये चिकटवून टाकलं होतं. कव्हर फोडून ते काढावं असं त्यांना हजार वेळा वाटलं. पण आत ते सुखरूप आहे, ना ऊन लागतं ना कसर, एवढ्यावर त्या समाधान मानत. रेकॉर्ड लावायची असली की कव्हर क्षणभर छातीशी धरत, एवढंच.

दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये बाईंच्या घराची कौलं गळायला लागली. तेव्हा गंगारामांचा मुलगा रितेश आला. वय पंचेचाळीस, मुंबईत जाहिरातीच्या कंपनीत राहून परत आलेला, चिपळुणात भाड्याने फ्लॅट घेऊन राहणारा. जुन्या रेकॉर्डचा त्यालाही नाद. म्हणाला, "बाई, माझ्याकडे कोरडी कपाटं आहेत. पावसाळा संपेपर्यंत ठेवतो. सगळ्याचे फोटो काढून यादी करून देतो." गंगारामांचा मुलगा. बाईंनी कागद केला नाही, सही घेतली नाही. पाचही खोकी, पत्रांसकट, त्याच्या गाडीत ठेवली.

जुलैच्या बावीस तारखेला चिपळुणात पूर आला. आठवड्याने रितेश आला तो चिखलाने माखलेलं एक रिकामं खोकं घेऊन. त्यावर बाईंनी लिहिलेलं नासिरचं नाव होतं. "काही राहिलं नाही, बाई," म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. बाईंनी त्याचीच समजूत काढली. बिचाऱ्याचं घर गेलं. त्याला बसवलं, गरम घावनं केली. त्याने सहा खाल्ली. तो गेल्यावर बाईंनी ते खोकं अंगणात धुतलं, आणि चिखल निघून गेल्यावर त्यावर डोकं टेकून बसल्या.

तेवीसच्या जूनमध्ये एका दुपारी वेदिका आली. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिकवते. मोबाइल पुढे करून म्हणाली, "बाई, तुमच्या आवडीचं काहीतरी. आपल्या रत्नागिरीतला माणूस आहे."

पडद्यावर रितेश होता. मागे कपाटं, कपाटांत रेकॉर्ड. तो मुलाखत देत होता की वीस वर्षं ग्लासगोच्या बाजारांत हिंडून आपण हे जमवलं. मग त्याने प्लास्टिकमध्ये घातलेलं एक हिरवट कव्हर कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे जगात एकच आहे. बाकी सगळी लाल-काळी. ही बोट बघा, कलावंताने मुद्दाम उत्तरेकडची प्राचीन नौका काढली आहे."

बाईंनी मिरकरवाड्याची होडी ओळखली.

वेदिका सांगते की बाईंनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. उठल्या, चहा टाकला, साखर घालायला विसरल्या. कप घेऊन बसल्यावर म्हणाल्या, "सहा घावनं खाल्लीन मेल्याने."

"बाई, पोलिसात जाऊ या."

"आणि काय दाखवू? कागद नाही, पावती नाही. माझी पत्रंसुद्धा त्याच्याकडेच. तो म्हणेल म्हातारीला भ्रम झालाय." बाईंनी बिनसाखरेचा चहा तसाच संपवला. "नाही. तो स्वतःच्या तोंडाने सांगेल. आणि सगळ्यांसमोर सांगेल."

त्या संध्याकाळी बाईंनी रितेशला फोन लावला. आवाज इतका गोड की वेदिकाच्या अंगावर काटा आला. "रितेश, तुझं कौतुक ऐकलं रे. माझं गेलं ते गेलं, पण तू पुन्हा एवढं उभं केलंस. नासिरला किती आनंद झाला असता."

"तुम्ही बघितलंत, बाई?" त्याने चाचपडत विचारलं. "मला कुठे आता धड दिसतंय रे." मग तो मोकळा झाला. मिरजोळ्यात शेड घेतलीय, ऐकण्याची खोली आणि छोटं संग्रहालय करतोय, नारळी पौर्णिमेनंतर उद्घाटन. बाईंनी यायलाच पाहिजे.

ऑगस्टात तो पत्रिका आणि पेढे घेऊन घरी आला. बाईंनी त्याला त्याच पाटावर बसवलं.

"तुझ्या त्या हिरव्या कव्हरबद्दल वेदिकाने सांगितलं," बाई म्हणाल्या. "कुठे मिळालं रे?"

"ग्लासगोत, बाई. दोन हजार सहा साली. त्या कंपनीतल्याच एका माणसाने हातात ठेवलं माझ्या."

"अरे वा. मग हे तोंडी कशाला ठेवतोस? छापून लाव शेजारी, खाली सही कर. लोक आजकाल कशावरही शंका घेतात."

"लावतो की."

"आणि एल्स्पेथला बोलाव. विंडी क्लोजवाली. व्हिडिओवर येईल ती. माझी जुनी ओळख आहे." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "तिची पत्रं काय, तुझ्याकडच्या खोक्यातच होती. पुरात गेली."

रितेशने चहाच्या कपात बघितलं. "त्यांना एवढ्या वर्षांनी कव्हरचं काय आठवणार?"

"काय आठवणार. सत्तरीची झाली. दोन शब्द चांगले बोलेल, टाळ्या पडतील. कंपनीच्याच बाईने बोलावं यासारखं दुसरं काय?"

त्याच्या डोळ्यांत हाव दिसली तेव्हा बाईंनी त्याला आणखी एक पेढा दिला.

एल्स्पेथला सगळं आधीच कळवलेलं होतं. वेदिकाच्या फोनवरून बाईंनी तीन पानी ईमेल लिहिली होती, अगदी शुद्धलेखन तपासून.

एकच गोष्ट बाईंना टोचत होती. उद्घाटनाचा दिवा रितेश आपल्या वडिलांच्या हातून लावणार होता. गंगाराम तेव्हा ब्याऐंशीचे. शाळेतून निवृत्त झाल्यावरही दर जूनला बाईंच्या घरी येऊन एखादं फाटकं पुस्तक बांधून देणारे. आदल्या दिवशी बाई रिक्षा करून त्यांच्या दारापर्यंत गेल्या. म्हातारा ओटीवर बसून उद्याच्या टोपीची घडी घालत होता. बाईंनी रिक्षावाल्याला सांगितलं, मागे घे. आधी सांगितलं तर हा मुलाला बोलेल, मुलगा पाया पडत येईल, खोकी गुपचूप घरी पोचतील आणि सगळं झाकलं जाईल. बाईंना ते नको होतं.

रविवारी शेडमध्ये शंभर-सव्वाशे माणसं होती. पत्रकार होते, कॉलेजची मुलं होती, सावर्ड्याहून गाडी करून आलेले रितेशचे मित्र होते. मधोमध काचेच्या पेटीत हिरवट कव्हर, शेजारी छापील मजकूर आणि खाली रितेशची ठळक सही. गंगारामांनी दिवा लावला. मोठ्या पडद्यावर एल्स्पेथ आली. पांढरे केस, तांबडा स्वेटर, मागे खिडकीत करडं आभाळ. तिने सगळ्यांना नमस्कार केला. रितेशने तिला इंग्रजीत विनंती केली की या दुर्मीळ कव्हरबद्दल सांगावं.

ती बोलली. रितेशने माइक हातात घेऊन भाषांतर केलं, "त्या म्हणतात, हे फार दुर्मीळ आहे, त्यांनीही असं दुसरं कधी पाहिलं नाही."

पहिल्या रांगेतून सकिनाबाई उठल्या. "रितेश, भाषांतर अर्धंच केलंस. खाली बस."

चौतीस वर्षांचा तो आवाज होता. शेडमधल्या निम्म्या बायका आपोआप ताठ बसल्या. रितेश बसला नाही, पण माइक खाली गेला.

"ती म्हणते," बाई म्हणाल्या, "आमच्याकडे लाल, काळा आणि पिवळा एवढेच खडू होते. हिरवं कव्हर आम्ही एकही केलं नाही. ते कसं झालं ते तुमच्या समोर बसलेल्या सकिनाला विचारा."

कुजबुज सुरू झाली. रितेश हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "बाईंची तब्येत हल्ली..."

"पेटी उघड."

"बाई, ती हाताळायची वस्तू नाही."

"मग तुझ्या वडलांना दे. त्यांनी आयुष्यभर कागदच हाताळले."

गंगाराम गोंधळले होते. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, म्हणून त्यांनी हात पुढे केला. "दे बघू इकडं." भर सभेत बापाला नाही कसं म्हणणार? रितेशने पेटी उघडली. म्हाताऱ्याने कव्हर प्लास्टिकमधून काढलं, आतली रेकॉर्ड अलगद वेदिकाकडे दिली, कडेवरून अंगठा फिरवला. मग कव्हर नाकाशी नेलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"खळ हाय," ते म्हणाले. "तांदळाची. मोरचूद घातलंला." त्यांनी बाईंकडे बघितलं. "बाईनू, ही तर आपली खळ. शाळंतली."

"होय, गंगाराम. पाणी लावून सोडवा. तुम्हीच सोडवा."

कोणीतरी पाण्याची बाटली दिली. म्हाताऱ्याने बोटं भिजवून कड ओली केली, थांबले, पुन्हा भिजवली. पडद्यावर एल्स्पेथ पुढे वाकून बघत होती. वरचा कागद हळूहळू सालीसारखा सुटला, आणि खालून कॅलेंडर निघालं. मे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. वर रत्नागिरीच्या एका कापडवाल्याचं नाव.

गंगारामांनी चष्मा सारखा केला आणि माइकजवळ तोंड नेऊन, शाळेत हजेरी वाचावी तसं वाचलं, "तीन तारीख, दूध नाही. नऊ तारीख, गॅस लावला. बारा तारीख, पेपर तपासून दिले. अठरा, ईद."

हसू फुटलं ते मागच्या रांगेतून. प्रत्येकाच्या घरात असं एक पान भिंतीला टांगलेलं असतं. ग्लासगोतल्या माणसाने गॅस कधी लावला, असं कोणीतरी विचारलं आणि शेड हसण्याने भरून गेली. रितेशचा मित्र काचेच्या पेटीशेजारची सही मोबाइलमध्ये टिपत होता.

"चोवीस मी वाचते," बाई म्हणाल्या.

त्यांनी पान हातात घेतलं. निळ्या शाईची अक्षरं थोडी पसरली होती, पण वाचता येत होती. "मी निघालो. उद्यापासून दूध अर्धा लिटर कमी सांग. नासिर."

यावर कोणी हसलं नाही. बाईंनी पान ओलं होतं तसंच पदरात घेतलं. मग त्या रितेशकडे वळल्या.

"चिपळुणात पुरात गेलं होतं ना रे हे? वाशिष्ठी मिरजोळ्यापर्यंत कधीपासून यायला लागली?"

"बाई, मी परत देणारच होतो."

"ते नंतर. आधी सांग, कोणाचं आहे."

"तुमचं."

"माइकवर सांग. एल्स्पेथला ऐकू जात नाही. इंग्रजीत सांग."

त्याने सांगितलं. पाचही खोकी बाईंची, पूर आला तेव्हा ती वरच्या मजल्यावर कोरडी होती, आणलेलं खोकं आपणच चिखलात बुडवलं होतं. सगळं सांगितलं. मुलं चित्रण करत होती.

"आणि घावनं किती खाल्लीस त्या दिवशी?"

"बाई, पुरे आता."

"किती?"

"आठवत नाही."

"सहा," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्याच संध्याकाळी वेदिकाने टेम्पो बोलावला आणि सगळं राजिवड्याला परत आलं. पत्रांच्या गठ्ठ्याची गाठ रितेशने सोडलीसुद्धा नव्हती. त्याचाच बाईंना जास्त राग आला.

मिरजोळ्याच्या त्या शेडमध्ये आता काजूचं गोदाम आहे. वेदिकाने दोन सुट्ट्या घालवून रेकॉर्डची यादी केली, आणि महिन्यातल्या एका शनिवारी ती शाळेतल्या मुलींना घेऊन बाईंकडे ऐकायला येते. मुलींना शब्द कळत नाहीत. बाई म्हणतात, तिकडच्यांनाही कळत नाहीत. एल्स्पेथने स्वतःच्या प्रतीचं लाल-काळं कव्हर टपालाने पाठवून दिलं. बाईंनी ते भिंतीला लावलं, रेकॉर्ड मात्र साध्या कागदात ठेवली. मे महिन्याचं पान काचेखाली स्वयंपाकघरात आहे, पूर्वी होतं त्याच खिळ्यावर.

गंगाराम त्यानंतर मुलाशी बोलले नाहीत. बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी पाट मांडला, पाणी दिलं आणि खाली बघत म्हणाले, "बाईनू, मला आदल्या दिशी सांगितला असतात, तर मी त्याला कानाला धरून तुमच्या दारात आणला असता. खोकी त्याच्या डोक्यावर दिली असती." बाईंनी पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं. पुढच्या जूनला गंगाराम पुस्तक बांधायला आले नाहीत. त्यानंतरच्या माघात ते गेले. बाई तेराव्याला गेल्या, मागे उभ्या राहिल्या आणि जेवल्या नाहीत.

रितेश पनवेलला असतो, काय करतो ते कोणाला नीट ठाऊक नाही. दर ईदला तो बाईंना मोबाइलवर शुभेच्छा पाठवतो, खाली एक ओळ असते की माफ करा. बाई संदेश उघडतात, चष्मा लावून पुरा वाचतात, वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्याला दिसतील एवढा वेळ थांबतात, आणि मोबाइल उपडा ठेवून दूध तापवायला जातात.